उबवणी

नोव्हेंबर २०२१. राजूरहून भंडारदऱ्याकडे जाताना रस्ता सोडून आत वळलं की आमचं गाव. शेजारच्या मावशींच्या ओसरीवर बसले होते. मावशींनी लोखंडी पेटी उघडली, प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले कागद काढले आणि एकेक करून माझ्यापुढे मांडले. पापड-लोणची प्रशिक्षण, तीन दिवस. मसाले, पाच दिवस. उद्योजकता विकास, बारा दिवस. शिवणकाम. अळिंबी. एकूण सात प्रमाणपत्रं, सगळ्यांवर गोल शिक्का आणि कुणा ना कुणा साहेबांची सही.

‘एवढं शिकलात, मग सुरू काय केलं?’ मी विचारलं.

‘शिकले ना. पन पुढं कुनी आलंच नाय.’

मी तेव्हा संगमनेरच्या एका कर सल्लागाराच्या ऑफिसातली अकरा वर्षांची नोकरी सोडून नुकतीच घरी आले होते. दुकानदारांची विवरणपत्रं भरणं, बँकेच्या फायली तयार करणं, लेबलवर काय छापायचं ते सांगणं, हे माझं रोजचं काम होतं. मावशींच्या त्या वाक्याने मला माझं पुढचं काम दिलं.

अकोले तालुक्याच्या या पश्चिम भागाला आम्ही डांगाण म्हणतो. कळसूबाई, रतनगड, घाटघर ही नावं पर्यटकांना माहीत असतात. आमचं जगणं भात, नाचणी, वरई आणि खुरासणीवर, म्हणजे कारळ्यांवर. वस्ती मुख्यतः महादेव कोळी आणि ठाकर. पाऊस दरीत मावत नाही इतका पडतो आणि उतारावरून वाहून जातो. भात काढून दिवाळी झाली की घरटी एक-दोन माणसं नारायणगावच्या मजूर बाजारात जाऊन उभी राहतात. टोमॅटोच्या, द्राक्षांच्या कामाला. म्हणजे घरातलं धान्य वाळवून, दळून, पॅक करून विकायला जे कोरडे महिने हवेत, नेमक्या त्याच महिन्यांत हात गावाबाहेर असतात. वरईची गोष्ट मला सगळ्यात जास्त लागायची. आमच्या बायका उतारावर वरई पिकवतात, ती व्यापाऱ्याला साळीसकट विकतात, ती नाशिकच्या भगर मिलमध्ये जाते आणि शिवरात्रीला त्याच बायका किराणा दुकानातून पॉलिश केलेली भगर विकत आणतात. याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरेंना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हापासून घरच्या बियाण्याबद्दल बायका अभिमानाने बोलू लागल्या होत्या. बियाणं होतं, धान्य होतं, हातात कसब होतं. धान्यापासून गल्ल्यापर्यंतची वाट तेवढी नव्हती.

ऑफिसच्या कामानिमित्त मी एकदा पुण्यात एक इन्क्युबेशन सेंटर पाहिलं होतं. तिथे इंजिनिअर मुलं आपापल्या कंपन्या उभ्या करत होती. त्यांना प्रयोगशाळा आयती होती, वकील आणि हिशेबनीस एका हाकेवर होते. मला भावली ती एकच गोष्ट: नवा धंदा अशक्त असतो, त्याला काही महिने अशक्त राहण्याची मुभा देणारं छप्पर तिथे होतं. आमच्या मावशींना ते छप्पर का नसावं?

२६ जानेवारी २०२२ च्या ग्रामसभेत मी हे मांडलं. आमचं गाव पेसा क्षेत्रातलं, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणाऱ्या कायद्याखालचं, त्यामुळे ग्रामसभेच्या शब्दाला वजन आहे. मागणी एवढीच, की आठ वर्षं बंद पडलेल्या दूध संकलन केंद्राच्या दोन खोल्या तीन वर्षांसाठी द्या. इन्क्युबेशन म्हणजे काय, हे समजावताना माझी दमछाक झाली. शेवटी मागे बसलेल्या एक आजी म्हणाल्या, ‘म्हंजी खुडूक कोंबडीवानी बसून ऱ्हायाचं, असंच ना?’ सभा हसली, पण मला त्याहून नेमकं कुणीच सांगू शकलं नसतं. ठराव झाला, महिना पाचशे रुपये भाडं ठरलं आणि नावही तिथेच पडलं: उबवणी केंद्र.

माझ्या भविष्य निर्वाह निधीतले २ लाख ४० हजार त्यात घातले. पत्रे बदलले, भिंतींना धुता येईल असा ऑइलपेंट दिला, खिडक्यांना जाळी लावली. थ्री फेजचं मीटर, एक पल्व्हरायझर म्हणजे दळायचं यंत्र, पिशव्या सील करायचं यंत्र, स्टीलचं टेबल. वजनकाटा घेतला आणि त्यावर वजनमापं तपासणाऱ्या वैधमापन खात्याचा शिक्का करून आणला. बिनशिक्क्याच्या काट्यावर तोललेलं पाकीट दुकानात ठेवता येत नाही, हे बऱ्याच बचत गटांना माहीतच नव्हतं. २ एप्रिलला, गुढीपाडव्याला, कुलूप उघडलं.

पहिल्या वर्षातली सगळ्यात मोठी चूक माझी होती. पुण्यात पाहिलं तसं मी बारा जणींची तुकडी निवडली आणि बारा आठवड्यांचं वेळापत्रक आखलं. जूनपासून. जून-जुलैत आमच्याकडे आवणी, म्हणजे भाताची लावणी असते, हे मी, याच गावात वाढलेली बाई, कागदावर तक्ता आखताना विसरले. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात केंद्रात मी एकटीच होते. बाहेर धो धो पाऊस, चार-चार दिवस वीज नाही.

त्याआधी घाईघाईने साठ किलो नाचणीचं पीठ करून ठेवलं होतं. अर्धं विकलं गेलं. उरलेल्यातली २६ पाकिटं ऑगस्टमध्ये संगमनेरच्या एका दुकानातून परत आली. उघडली तर कुबट वास, काहींत जाळं धरलेलं. दोष दुकानाचा नव्हता. आम्ही नाचणी धुतली होती आणि ढगाळ हवेत ती आतून वाळलीच नव्हती; वर पल्व्हरायझरमधून निघालेलं गरम पीठ लगेच पिशवीत भरून सील केलं होतं. गरम पिठाची वाफ पिशवीतच धरली गेली. ज्या चार जणींचं ते धान्य होतं त्यांचे पैसे मी दिले. पण त्यातली एक त्यानंतर केंद्राची पायरी कधीच चढली नाही, आणि तिला मी दोष देऊ शकत नाही. तिने घरच्या खाण्यातली नाचणी काढून दिली होती.

तेव्हापासून केंद्राचं वर्ष दिवाळीनंतर सुरू होतं आणि मृगाच्या पावसाबरोबर थांबतं. पावसाळ्यात आम्ही पीठ करत नाही. नाचणी तीन कडक उन्हं घेते, मग सात प्रमाणपत्रंवाल्या मावशी चार दाणे दाताखाली धरतात. कट्ट वाजला तरच धान्य आत जातं. दळलेलं पीठ रात्रभर स्वच्छ कापडावर पसरून निवतं आणि सकाळी पिशवीत भरलं जातं. पुढे एका अधिकाऱ्यांनी ओलावा मोजायचं यंत्र घ्या म्हणून सुचवलं, ते घेतलंही. मावशींचा दात आणि यंत्र यांच्यात अजून मतभेद झालेला नाही.

कागदपत्रांचं काम मला सोपं वाटलं होतं, कारण तेच माझं पोट होतं. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, ऑनलाइन आहे, पूर्ण फुकट आहे, दहा मिनिटांची आहे. गावात मात्र एका जणाने त्याच नोंदणीचे तिघींकडून सहाशे-सहाशे रुपये घेतलेले निघाले. आणि दहा मिनिटं कुठली? आधारला जोडलेला मोबाइल नवऱ्याचा, नवरा नारायणगावच्या टोमॅटोच्या रानात, ओटीपी तिकडे जाणार. तो फोन उचलून आकडे सांगेपर्यंत मुदत संपणार. एकीच्या आधारवर सासरचं नाव, बँकेत माहेरचं, शाळेच्या दाखल्यावर तिसरंच. चार अक्षरं जुळवायला आम्ही दोन महिने फिरलो. मग आम्ही रीतच पाडली: कुठलाही धंदा ठरवायच्या आधी बाईच्या स्वतःच्या नावावर सिमकार्ड आणि ते आधारला जोडलेलं. एवढ्या एका गोष्टीने जी मोकळीक येते, ती मी डोळ्यांनी पाहिली आहे.

खाद्यपदार्थांची नोंदणी त्या मानाने सरळ गेली. आम्ही केली तेव्हा वर्षाला बारा लाखांच्या आतल्या उलाढालीला वर्षाचे शंभर रुपये होते. लेबलला मात्र वेळ लागला. घटक, निव्वळ वजन, किंमत, बॅच, पॅकिंगची तारीख, नोंदणीचा चौदा आकडी क्रमांक, चौकटीतला हिरवा ठिपका. एका ताईंनी हौसेने आधीच दोन हजार पिशव्या छापून आणल्या होत्या, त्यावर कळसूबाईचा डोंगर होता आणि वजन नव्हतं. आम्ही बसून प्रत्येक पिशवीवर स्टिकर लावला. तीन रात्री लागल्या. त्या ताई आज खुरासणीची चटणी विकतात आणि अजूनही त्याच पिशव्या वापरतात.

खरा अडसर पुढे होता आणि मी तो ओळखलाच नव्हता.

२०२२ च्या हिवाळ्यात बारापैकी आठ जणी नारायणगावला निघून गेल्या. त्यांना मी थांबा म्हणाले नाही, कसं म्हणणार? तिकडे संध्याकाळी रोख हातात पडते. इकडे दुकानदार म्हणतो, माल ठेवून जा, विकला की बघू. चांगला दुकानदारसुद्धा दीड महिन्याने पैसे देतो. कायद्यात आहे की उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकवायला हवेत. पण तीस पाकिटांसाठी कायदा दाखवला की पुढची तीस पाकिटं कुणी मागत नाही. आणि ज्या घरात तेलाची पिशवी रोजच्या मजुरीतून येते, तिथे ४५ दिवस म्हणजे काय, हे ऑफिसात बसून कळत नाही. मावशींच्या सात प्रमाणपत्रांपैकी एकाही प्रशिक्षणात हा दीड महिना नव्हता. धंदा शिकवणाऱ्या प्रत्येकाने तो आधी शिकावा, असं मला आज ठामपणे वाटतं.

२०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं. नाचणीला अचानक मान आला, प्रदर्शनांची बोलावणी आली. विक्री झाली, फोटो निघाले. पण प्रदर्शन चार दिवसांचं, चूल वर्षाची. त्या ऑक्टोबरात मी आमच्या गावची जी माणसं पुण्यात, कल्याणला, मुंबईत नोकरीला आहेत त्यांना एकेकाला फोन केले. अकरा जणांनी मिळून दीड लाख रुपये दिले, देणगी म्हणून नव्हे, तीन वर्षांनी परत करायच्या बोलीवर. त्याचा फिरता निधी केला. पद्धत साधी: बाईने तपासलेला माल केंद्राच्या टेबलावर ठेवला की त्याच दिवशी सत्तर टक्के रक्कम तिच्या खात्यात, बाकीची दुकानदाराकडून आली की. दुकानदाराची वाट आता निधी पाहतो, बाई पाहत नाही.

त्या हिवाळ्यात केंद्रातल्या फक्त तिघी नारायणगावला गेल्या.

आता हिशेबाबद्दल. नाचणीच्या लाडवांच्या एका ताईंबरोबर मी २०२४ च्या डिसेंबरात पूर्ण एक दिवस वही घेऊन बसले. पाच किलो लाडवांना सामान ९०० रुपयांचं, गॅस ४०, डबे १२०. एकूण १,०६०. त्या विकायच्या २५० रुपये किलोने, म्हणजे १,२५०. ‘एकशे नव्वद सुटतात,’ ताई समाधानाने म्हणाल्या. मी विचारलं, दिवसभर किती जणी राबल्या? त्या आणि त्यांची जाऊ. त्या वर्षी रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. दोघींचे ५९४ मांडले तर १९० सुटत नव्हते, ४०४ खिशातून जात होते. ताई बराच वेळ वहीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘घरच्या कामाचं पैशे कोन मांडतं, ताई?’

यावर माझ्याकडे सोपं उत्तर नव्हतं. मजुरी धरून, दुकानाचं वीस टक्के कमिशन धरून भाव ४१५ च्या घरात जात होता. राजूरच्या बाजारात कुणी ४१५ ला नाचणीचा लाडू घेत नाही. राजूरला माणसं पेढे घेतात. आम्ही दोन महिने अडखळलो. शेवटी दोन लाडवांचं ३० रुपयांचं पाकीट केलं आणि ते शनिवार-रविवारी भंडारदऱ्याच्या वाटेवर ठेवलं. घोटीकडून गाड्या येतात, माणसं पाय मोकळे करायला थांबतात, तीस रुपयांचा विचार करत नाहीत. कमिशन वाचलं. तेच लाडू, तोच भाव, पण पटला. ताईंच्या वहीत आता मजुरीचा रकाना आहे. तो भरताना त्या अजून थोड्या संकोचतात.

तरुण मुलांचं एवढं जमलं नाही, तेही सांगायला हवं. मे अखेरीला काजवे निघतात, तेव्हा पंधरा दिवस इथे गर्दी लोटते. तीन मुलांना तंबू लावायचे होते. एका हंगामात केलं. गाड्यांचे दिवे, कचरा, अभयारण्याचे नियम, आणि काजव्यांच्या झाडांखाली चालणारा गोंधळ पाहून त्यांचंच मन उडालं. त्यातला एक आता घरच्या पिठलं-भाकरीचं जेवण देतो, ते बरं चाललंय. दोघं नाशिकला कंपनीत गेले.

केंद्रातल्या एका बाईंच्या वरई सडायच्या यंत्राची फाइल हा माझ्या आयुष्यातला सगळ्यात लांब अर्ज. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांच्या केंद्र सरकारच्या योजनेत तेव्हा ३५ टक्के अनुदान होतं, स्वतःचे किमान १० टक्के घालायचे, बाकी बँकेचं कर्ज. यंत्र, खडे काढायची आणि प्रतवारीची चाळणी मिळून ३ लाख ६० हजार. फाइल तीनदा परत आली. एकदा कोटेशनवर जीएसटी क्रमांक नव्हता. एकदा शेडची जागा सासऱ्यांच्या नावावर निघाली. तिसऱ्यांदा, जुन्या गटाचं नऊ वर्षांपूर्वीचं थकलेलं कर्ज निघालं, ज्याची या बाईंना गंधवार्ताही नव्हती. मंजुरीला अकरा महिने लागले. बँकेच्या बाकावर आम्ही दोघी इतक्या वेळा बसलो की शिपाईदादा न विचारता पाणी आणून द्यायचे. हे करणाऱ्यांना एक आवर्जून सांगते: अनुदान हातात येत नाही. ते बँकेत तीन वर्षं राहतं आणि हप्ते नीट गेले तर कर्जातून वळतं होतं. ‘सव्वा लाख मिळणार’ असं घरात सांगू नका. तो पैसा आधीच खर्चात धरला जातो आणि मग भांडणं होतात.

पण ते यंत्र पहिल्यांदा चाललं त्या दिवशी वाडीतल्या म्हाताऱ्या बायका बघायला आल्या होत्या. उखळात मुसळाने वरई सडून ज्यांचे खांदे गेले त्या बायका. एकीने यंत्रातून पडणारे पांढरे दाणे ओंजळीत धरले आणि कितीतरी वेळ सोडलेच नाहीत.

मधल्या काळात एका कंपनीने मोठी मदत देऊ केली होती. अट होती वर्षात पन्नास उद्योजक. मी कागद दोन दिवस घरी ठेवला आणि सही न करता परत दिला. तीन वर्षांत आमच्याकडे ३१ जण आले. त्यातल्या नऊ जणांचा धंदा आज स्वतःच्या पायावर चालू आहे, सात अजून केंद्रात आहेत, बाकीचे थांबले. नऊ हा आकडा मला कमी वाटत नाही, कारण त्या प्रत्येकामागचे महिने मला ठाऊक आहेत. पन्नास जणांजवळ बसून राहणं एका माणसाला शक्य नाही. पन्नास प्रमाणपत्रं वाटणं शक्य आहे, आणि ती पेटी मी पाहिलेली होती.

केंद्राचा खर्च भाडं, वीज आणि दुरुस्ती धरून केंद्रातल्यांच्या वापरशुल्कातून आता जेमतेम निघतो. माझं घर राजूरच्या तीन दुकानांच्या हिशेबावर चालतं. ग्रामसभेने यंदा ठराव पुढच्या पाच वर्षांसाठी वाढवला. फिरत्या निधीतले दीड लाख पुढच्या वर्षी परत करायचे आहेत, त्याची तजवीज अजून अर्धीच झाली आहे.

मावशींनी स्वतःचा धंदा काढला नाही. मी दोनदा विचारलं, त्यांनी दोनदा नको म्हटलं. त्या धान्य तपासतात, चावी सांभाळतात आणि कुणी नवीन बाई आली की तिच्या घरी जाऊन राहतात, चुलीपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळं बघून येतात. या आठवड्यात त्या घाटघरच्या बाजूला एका वाडीत आहेत. तिथल्या सहा बायका करवंदांचं लोणचं घालतायत, पावसाच्या आत उरकायला हवं. काल रात्री फोन लागला नाही. तिथे रेंज फक्त खिंडीत येते. आज सकाळी एसटीच्या ड्रायव्हरदादांनी चिठ्ठी आणून दिली. मीठ संपलंय, पाच किलो पाठव, आणि बरण्या कोरड्या करून दे.